सगळ्यांनीच बटाटे आणू नयेत म्हणून

"काम फक्त एका वाक्याचं आहे," मी अर्डिसला म्हणालो.

ती सिंकपाशी उभी राहून भोपळ्याच्या बिया धूत होती. मागे वळूनही न बघता तिने विचारलं, "आणि ते वाक्य कोणाकोणाला पसंत पडायला हवं?"

"सगळ्यांना."

"अस्सं," ती म्हणाली आणि तिने नळ मोठा सोडला.

आमच्या मिनेसोटात माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. एखादी गोष्ट भयंकर असली तर "वेगळंच आहे हं" म्हणतात. "अस्सं" म्हटलं की समजायचं, हा माणूस खड्ड्यात पडणार आहे आणि आपण काठावरून बघणार आहोत. सर्वोच्च स्तुती म्हणजे "वाईट नाही". लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून अर्डिसचे वडील "वाईट नाही" म्हणाले होते, आणि त्याच दोन शब्दांच्या आधारावर मी आजवर त्या घरात ताठ मानेने वावरत आलोय. आणि कोणी काहीच बोललं नाही, नुसतंच गप्प बसलं, तर मात्र बिघडलं म्हणायचं. मग आपण होऊन कोट उचलावा आणि घरी जावं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ या गप्प बसण्यानेच घातला.

मी शाळाखात्यात संगणक सांभाळतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढतो. आयुष्यात स्वतःच्या अकलेने केलेली म्हणावी अशी माझी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे 'हॉटडिश' नावाचा प्रोग्रॅम. खरं हॉटडिश म्हणजे एकाच भांड्यात सगळं घालून भाजलेला आमच्याकडचा पदार्थ. आमच्या चर्चच्या तळघरात जेवण असलं की प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा असतो. कोणी काय आणायचं हे अर्डिस फोन करकरून ठरवायची, आणि फोन ठेवल्यावर लोकांविषयी जे बोलायची ते चर्चला शोभणारं नसायचं. तिचा त्रास वाचावा म्हणून एका हिवाळ्यात मी हा प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्यांची नावं घेतो, मागच्या वेळी कोणी काय आणलं होतं ते बघतो आणि ज्याला त्याला पदार्थ नेमून देतो. मला तो पहिल्या दिवसापासून कागदी नॅपकिन नेमून देतो. मी त्याचा निर्माता. तरीही माझ्या नावापुढे नॅपकिन! आत जाऊन तपासलं, तर प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. अर्डिसने माझ्या नावापुढे कायमची खूण करून ठेवली होती.

प्रोग्रॅम मी फुकट ठेवला, आतलं सगळं उघडं ठेवलं. कोणीही यावं, वाचावं, दुरुस्ती सुचवावी. तर लोक खरोखरच आले. टोरांटोच्या केल्विन बोआटेंगने तो इस्पितळातल्या नर्सेसच्या पाळ्या लावायला घेतला. तुलसाचे रॉस्को टिडवेल, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते वादळावर नजर ठेवणाऱ्या हौशी मंडळींच्या पाळ्या त्यावर लावू लागले. विनिपेगची प्रुडन्स लावाली आमची सगळी माहितीपत्रकं लिहिते. आमच्या जिल्ह्याच्या अँब्युलन्सवर गावातलीच माणसं आळीपाळीने जातात, त्यांच्याही पाळ्या हॉटडिशच ठरवतो. ही सगळी मंडळी बिनपगारी. आणि बिनपगारी माणसाइतका आग्रही माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पगारी माणूस निदान पाच वाजता घरी जातो.

तर अशा आमच्या प्रकल्पाला आश्रय देणारी एक संस्था आहे, प्रेअरी कॉमन्स नावाची. तिथल्या मिस क्विंटाना यांची ऑक्टोबरात एक अत्यंत विनयशील ईमेल आली. "आपल्या प्रकल्पाचं वर्णन सहा ठिकाणी सहा प्रकारचं आढळलं. एका ठिकाणी आपण 'समन्वयाची चौकट' आहात, दुसऱ्या ठिकाणी 'पाळ्यांचं इंजिन', आणि एका ठिकाणी नुसतंच 'बघा तर खरं' असं लिहिलं आहे. तरी सर्वत्र वापरायचं एकच प्रमाण वर्णन, एका वाक्यात, सर्वांच्या संमतीने शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावं. न आल्यास प्रकल्पात कोणी उरलेलं नाही असं गृहीत धरून तो माळ्यावर ठेवण्यात येईल."

माळा म्हणजे खरंच माळा. मेलेले प्रकल्प संस्था तिथे टाकते. आणि एकदा माळ्यावर गेलेला प्रोग्रॅम अँब्युलन्सवाल्यांना वापरता येत नाही, कारण जिल्हा कचेरीला जिवंतच प्रकल्प लागतो. इस्पितळाचंही तेच. म्हणजे एक वाक्य सुचलं नाही, तर माझ्या आयुष्यातली ती एकमेव गोष्ट संपली. मला भीती वाटली. उगाच मोठे शब्द वापरत नाही. साधी भीती. रात्री तीनदा उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या. अर्डिसला वाटलं मी जेवणानंतर खाल्लेल्या भोपळ्याच्या गोड 'पाय'मुळे झालंय.

सोमवारी मी प्रकल्पाचं ऑनलाइन चर्चेचं पान उघडलं. "मित्रहो, एकच वाक्य हवंय," असं लिहून कॉफी आणायला गेलो. परत येतो तो केल्विनचं उत्तर हजर : "हॉटडिश हा बहुविध मनुष्यबळाच्या समन्वयासाठीचा विस्तारक्षम प्लॅटफॉर्म आहे."

प्रुडन्सने लिहिलं, "बाबा रे, हे वाचून माझ्या आईला वाटेल आपण रेल्वे स्टेशन बांधतोय. आणि 'सोपा' हा शब्दही कोणी घालायचा नाही हं. ज्याला जमत नाही त्याला तो टोचतो."

"सोपा कोणी म्हटलंय?" केल्विनने विचारलं.

"आत्ता तूच म्हणालास की!"

मग रॉस्को आले. ते प्रत्येक गोष्टीवर एकच शब्द लिहितात. तो त्यांनी लिहिला : "हरकत."

"कशाला हरकत, रॉस्को?" मी नम्रपणे विचारलं.

"ते अजून ठरवलं नाही. आधी नोंदवून ठेवली."

संध्याकाळपर्यंत केल्विनचा 'प्लॅटफॉर्म' एका बाजूला आणि रॉस्कोंची 'चौकट' दुसऱ्या बाजूला अशी सरळ फाळणी झाली होती. तशात संस्थेच्या कायदा समितीचं एक टिपण आलं. आपल्या नावात खाद्यपदार्थ असल्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये शेंगदाणे, दूध, अंडी किंवा मासे आहेत काय, हे कळवावं. मी "नाहीत" असं कळवलं. त्यावर त्यांनी पुरावा मागितला. प्रोग्रॅममध्ये मासे नाहीत याचा पुरावा जगात कुठे मिळतो, हे कोणाला ठाऊक असेल तर त्याने मला जरूर सांगावं. शेवटी प्रुडन्सने सगळा प्रोग्रॅम छापून, प्रत्येक पानावर 'मासा आढळला नाही' असा शेरा मारून पाठवला, तेव्हा कुठे समिती गप्प झाली.

त्याच संध्याकाळी आमचा शेजारी डुएन ब्रॅटलँड पानं झाडत होता. तो आधी जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवायचा, त्यामुळे कोणत्याही अडचणीला सरळ समोरून भिडावं असं त्याचं मत आहे. मी कुंपणापाशी गेलो आणि त्याला सगळं सांगितलं.

"अरे, मग मत घ्या ना. हात वर करा, मोजा, मोकळे व्हा," तो म्हणाला.

"आमच्यात मतदान नसतं, डुएन. एकमत लागतं."

"आणि एकमत झालं हे कळतं कसं?"

"प्रस्ताव मांडायचा. तीन दिवस वाट बघायची. कोणी हरकत घेतली नाही, की मान्य."

"म्हणजे कोणी काही बोललं नाही तर हो?"

"हो."

डुएन दंताळ्यावर हनुवटी टेकून विचारात पडला. "म्हणजे माझं आणि माझ्या बायकोचं, कॅरलचं, आहे तसंच," तो म्हणाला. "मी तिला विचारलं, बोट घेऊ का? ती काही बोलली नाही. मी घेतली." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्यानंतर ती मार्चपर्यंत काही बोलली नाही."

हा नियम मीच केलेला आहे, हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही. सुरुवातीच्या काळात आमच्या प्रकल्पात काहीच पुढे सरकायचं नाही. सगळे भिडस्त. "चालेल बहुतेक," यापुढे कोणी जाईना. म्हणून मी मोठ्या ऐटीत नियम घातला की तीन दिवसांत हरकत नाही म्हणजे संमती. त्यावर देखरेख करायला लार्स नावाचा एक छोटासा स्वयंचलित कारकून बसवला. वेळ भरली की तो प्रस्ताव आपोआप पक्का करून टाकतो. ज्या राज्यात गप्प बसणं म्हणजे नापसंती, त्या राज्यातल्या माणसाने गप्प बसणं म्हणजे पसंती असा कायदा करावा! पण तेव्हा मी तरुण होतो आणि डोक्यावर केस होते.

मंगळवारी सकाळी शाळेत जाण्याआधी मी एक शहाणपणा केला. म्हटलं, चर्चा चालू दे, आपण निदान जागा तरी तयार करून ठेवू. वाक्य ठरलं की ते तिथे चिकटवायचं, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. म्हणून मी एक प्रस्ताव मांडला, 'वर्णनाची जागा' असं त्याला नाव दिलं, आणि त्या जागेत काहीतरी लिहायचं म्हणून लिहायला बसलो. नेमकी तेव्हाच अर्डिस स्वयंपाकघरातून ओरडत होती. रविवारच्या जेवणाच्या वेळी चर्चच्या पास्टर इंगा यांनी "यंदा जरा जुन्यासारखं करू या" म्हणून हॉटडिशऐवजी भिंतीवर कागद लावला होता. कागदावर कोणी काही लिहिलं नाही, आणि सगळे जण बटाटे घेऊन आले. कुस्करलेले बटाटे, चीज घातलेले बटाटे, बटाट्याची कोशिंबीर, भाजलेले बटाटे. डुएनने तर कच्च्या बटाट्यांचं पोतंच आणून ठेवलं. बाकी काही नाही. अर्डिस तीन दिवस त्याच रागात होती.

"सगळ्यांनीच बटाटे आणू नयेत, एवढंच तर तुझ्या त्या प्रोग्रॅमचं काम!" ती ओरडली. "तेवढंही लोकांना कळत नाही!"

माझ्या बोटांनी ते तसंच टिपून घेतलं. जागेत मी लिहिलं : "हॉटडिश : कोणी काय आणायचं ते ठरवतो, सगळ्यांनीच बटाटे आणू नयेत म्हणून. (सध्यापुरतं. बरं काही सुचलं की बदलू.)" मग दप्तर उचललं आणि प्रिंटरमधला कागद ओढायला निघून गेलो.

बुधवारी दुपारी मिस क्विंटाना यांची ईमेल आली. "आपला प्रस्ताव पाहिला. आपल्या नियमानुसार तो शुक्रवारी दुपारच्या आत पक्का होईल, तेव्हा त्यानंतर तेच आपलं प्रमाण वर्णन म्हणून आम्ही सर्वत्र लावू. वेळेत काम केल्याबद्दल आभार. बटाट्यांचा मुद्दा लक्षात आला."

माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

पहिला विचार आला, मागे घे. लगेच मागे घे. टोरांटोचं इस्पितळ, तुलसाचं वादळ, आमची अँब्युलन्स, आणि वर काय लिहायचं, तर बटाटे! लोक काय म्हणतील? जिल्हा कचेरीतला तो कायम घड्याळ बघणारा माणूस काय म्हणेल? मी मागे घ्यायचं बटण दाबणार, तेवढ्यात माझाच नियम समोर उभा राहिला. प्रस्ताव मागे घेतला की नवा मांडावा लागतो, आणि नव्याला पुन्हा तीन दिवस. म्हणजे शनिवार. शनिवारी आम्ही माळ्यावर.

मग हळूहळू पुढची गोष्ट ध्यानात आली. आता मला हे वाक्य बदलायचं नव्हतं. आता मला ते जगवायचं होतं. शुक्रवारपर्यंत कोणाच्याही, विशेषतः रॉस्कोंच्या, नजरेला पडू न देता. एकाने जरी "हरकत" म्हटलं, तरी संपलं. ज्या वाक्याची लाज वाटून मी तोंड लपवायला हवं, त्याच्याच भोवती मला पहारा द्यायचा होता.

सुदैवाने सगळे जण अजून चर्चेच्या पानावर प्लॅटफॉर्म की चौकट यावर भांडत होते. प्रस्तावाच्या पानाकडे कोणी फिरकलेलं दिसत नव्हतं. पण भांडण विझत चाललं होतं. गुरुवारी सकाळी केल्विनने चक्क लिहिलं, "ठीक आहे, चौकट म्हणा हवं तर." हे लोक एकमेकांशी चांगले वागू लागले, तर रिकामे होऊन इकडे येतील!

मी आयुष्यात कधी भांडण लावलेलं नाही. आमच्या घराण्यात कोणी लावलेलं नाही. माझे आजोबा नको असलेला पाव सुद्धा परत करायचे नाहीत, खाऊन टाकायचे. पण त्या दिवशी मी शाळेच्या सामानाच्या खोलीत, झाडू आणि शाईच्या डब्यांच्या मधे बसून लिहिलं : "मला वाटतं 'चौकट' म्हणणाऱ्यांनी चौकट म्हणजे काय याचा विचारच केलेला नाही."

लिहून झाल्यावर खोलीचं दार आतून लावून घेतलं. मग रॉस्कोंचं उत्तर आलं. ते इतकं लांब होतं की मोबाइलवर ते खाली सरकवता सरकवता माझा अंगठा दुखला. त्यात रेल्वेच्या रुळांचं उदाहरण होतं, त्यांच्या दिवंगत वडिलांच्या सुतारकामाचा उल्लेख होता आणि शेवटी "विचार आम्हीही करतो, व्हर्लिन" असं वाक्य होतं. ते मला लागलं. खरंच लागलं. रॉस्कोंशी माझं कधी वाकडं आलेलं नव्हतं.

पण भांडण पेटलं. प्रुडन्सने 'प्लॅटफॉर्म या शब्दाचे दुष्परिणाम' असा निबंध टाकला. केल्विन म्हणाला, "असंच असेल तर मी माझी वेगळी चूल मांडतो." आमच्या जगात ही धमकी फार मोठी. सगळा प्रोग्रॅम उचलायचा, दुसरं नाव द्यायचं आणि वेगळा संसार थाटायचा. प्रुडन्स म्हणाली, "मांड की! तुझ्या चुलीवर कोण जेवायला येतंय बघते." रॉस्को म्हणाले, "वेगळ्या चुलीला माझी हरकत." एरवी मी मधे पडलो असतो, "अहो, दोघांचंही बरोबर आहे" वगैरे म्हणालो असतो. आता मी खोलीत बसून तोंडात आम्लपित्ताची गोळी चघळत होतो आणि मनात म्हणत होतो, भांडा रे, अजून जरा भांडा. माझ्यासारख्या माणसाची ही अवस्था व्हावी!

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये लुटफिस्क नावाच्या उग्र वासाच्या माशाचं जेवण होतं, म्हणून मी शाळेतून सुट्टी घेतली होती. सकाळपासून तळघरात टेबलं मांडायला मी आणि डुएन. त्या माशाचा वास आदल्या दिवसापासून भिंतींत मुरलेला असतो. पण माझं दुःख वेगळं होतं. तळघरात मोबाइलला रेंज नसते. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून हात खिडकीकडे केला तरच ती येते. त्यामुळे मी दोन खुर्च्या मांडायचो आणि जिना चढायचो, पुन्हा दोन मांडायचो, पुन्हा चढायचो.

पास्टर इंगा कॉफीचं मोठं भांडं घेऊन खाली येत होत्या. "व्हर्लिन, तुम्हाला बरं आहे ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

"बरा आहे, पास्टर. एका वाक्याची वाट बघतोय."

"प्रवचनाच्या बाबतीत मलाही असं होतं," त्या म्हणाल्या. "मी काय करते, जे सुचलंय तेच म्हणून टाकते. लोक बहुतेक झोपलेलेच असतात."

"ते झोपलेले राहावेत एवढीच माझी प्रार्थना आहे," मी म्हणालो. त्या "वेगळंच आहे हं" म्हणून निघून गेल्या.

लार्सची वेळ भरायला अगदी थोडा अवकाश राहिला होता. मी दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या घेऊन वरच्या पायरीवर आलो आणि मोबाइल थरथरला. बघतो तर संदेश चर्चेच्या पानावरचा नव्हता. प्रस्तावाच्या पानावरचा होता. आणि पाठवणाऱ्याचं नाव होतं रॉस्को टिडवेल.

एक खुर्ची सुटली आणि जिन्यावरून धडाडधूम करत खाली गेली. खालून डुएन ओरडला, "अरे, एकेक करून पाठव!" मला उत्तर द्यायचं भान नव्हतं. गेलं, म्हटलं. सगळं गेलं. तो हिवाळा, चर्च, टोरांटो, तुलसा, सगळं माळ्यावर. मी पायरीवर बसलो आणि संदेश उघडला.

"हे वाक्य मी मंगळवारीच वाचलं," रॉस्कोंनी लिहिलं होतं. "हरकत घ्यायला बसलो होतो. दोन दिवस शोधूनही कारण सापडलं नाही. आमच्या तुलसातही सगळे बटाटेच आणतात. मग म्हटलं, तुम्हा पोरांपैकी कोणी हे बघितलं तर उगाच मोडता घालाल. म्हणून तिकडे चौकटीवर भांडत बसलो, तुमचं लक्ष इकडे जाऊ नये म्हणून. व्हर्लिन, तू मला जे बोललास ते मात्र लागलं."

मी ते पुन्हा वाचलं. तेवढ्यात खाली प्रुडन्सचं उत्तर उगवलं. "अहो, मीपण मंगळवारीच वाचलं होतं! तो निबंध काय मी हौसेने लिहिला? मला प्लॅटफॉर्मशी काहीही देणंघेणं नाही."

आणि केल्विन : "मी चौकट मान्य केल्यावर ते वाचलं. चूल वगैरे काही मांडणार नव्हतो. मला एवढंच हवं होतं की शुक्रवारपर्यंत तुम्ही सगळे माझ्यावर चिडलेले राहावेत. आमच्या वॉर्डातल्या नर्सेसना वाक्य दाखवलं. त्या म्हणाल्या, हेच तर."

मग लार्सने, ज्याला यातलं काही कळत नाही, एका ओळीत जाहीर केलं : हरकत आली नाही. प्रस्ताव पक्का.

मी तिथेच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते माशाच्या वासाने आलेलं नव्हतं. चार माणसं, चार गावांत, आठवडाभर एकमेकांवर तुटून पडलेली, आणि सगळी आतून त्याच एका वाक्यावर पहारा देत होती. मी रॉस्कोंची मनापासून माफी मागितली. त्यांनी लिहिलं, "वडिलांना सुतारकाम येतच नव्हतं. मीही जरा वाढवून सांगितलं." मग मन हलकं झालं, आणि हलकं झाल्यावर मला माझी प्रतिष्ठा आठवली.

मी लिहिलं, "मंडळी, आभार. आता तेवढं कंसातलं 'सध्यापुरतं, बरं काही सुचलं की बदलू' काढून टाकू या ना? सगळ्या जगासमोर बरं दिसत नाही."

"हरकत," रॉस्को म्हणाले.

"कारण?"

"सगळ्यात खरं तेवढंच आहे."

"हरकत," प्रुडन्स. "हरकत," केल्विन. त्या आठवड्यातलं ते आमचं पहिलं उघड एकमत.

दुपारी मिस क्विंटाना यांनी वाक्य सगळीकडे लावलं, कंसासकट. वरच्या पायरीवरून मोबाइलवर उतरवून आणलेलं ते पान बघत मी तळघरात टेबलापाशी बसलो असताना अर्डिस मागून आली आणि माझ्या खांद्यावरून तिने वाचलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एका माणसाला विचारायचंच विसरलो होतो. वाक्य तिचं होतं. तिचा राग, तिचे बटाटे, तिच्या स्वयंपाकघरातलं ओरडणं, शब्दही जवळपास तेच, आणि ते आता टोरांटोपासून तुलसापर्यंत पसरलं होतं.

"हे मी म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो."

"मंगळवारी."

"हो."

ती गप्प झाली. नुसती गप्प. हॉटडिशमध्ये गप्प बसणं म्हणजे संमती, पण माझं लग्न हॉटडिशशी झालेलं नाही. मी म्हणालो, "अर्डिस, तुला हरकत असेल तर..." तिने ॲप्रनला हात पुसले आणि ती कोपऱ्यातल्या संगणकाकडे गेली. तिथे पुढच्या महिन्याच्या जेवणाची नेमणूक उघडी होती. ती बराच वेळ टकटक करत होती. मग स्वयंपाकघरात निघून गेली.

जपून पावलं टाकत मी संगणकापाशी गेलो. माझ्या नावापुढचे नॅपकिन तिने पुसून टाकले होते. तिथे लिहिलं होतं : व्हर्लिन, बटाटे.

आणि पुढे कंसात, सध्यापुरतं.